दारात थबकणाऱ्या गायी

आत्याच्या ऑफिसात केर काढायला सुरुवात झाली की भाच्याला शिंका सुटत. धुळीशी त्याचं जन्माचं वैर होतं. खिशात दोन रुमाल ठेवूनही त्याचं भागत नसे. त्या सकाळीही तो नाक लाल करून बसला होता, तेवढ्यात लाकडी जिन्यावर जड पावलं वाजली आणि दारात एक उंच, खप्पड गालांचा माणूस येऊन उभा राहिला. शर्ट इस्त्रीचा होता, पण बटणं एक घर चुकवून लावलेली होती.

"आत्याबाई आपणच का?"

"मीच. बसा. त्या खुर्चीत नको, तिचा पाय मोडकाय. भाचेबुवा, पाणी आणा."

ती आत्या खरी एकट्या भाच्याची, पण टायरच्या दुकानावरच्या त्या खोलीत येणारा प्रत्येक जण तिला आत्याबाईच म्हणे. उभी हयात तिने अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली होती. निवृत्त झाल्यावर घरी बसून स्वेटर विणण्याऐवजी तिने तपासाचा धंदा काढला. दुधातली भेसळ, कोंबड्यांची मर, खाद्यातली लबाडी, अशी पोटातून सुरू होणारी प्रकरणं तिच्याकडे येत. तिचं हत्यार म्हणजे जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र. दुधाचा, रक्ताचा थेंब किंवा खाद्याची चिमूट कुपीत घालून हलवायची आणि कुपी त्या यंत्राच्या खाचेत ठेवायची. कोणतं पोषकतत्त्व किती आहे त्याचा आकडा उमटतो. ती त्याला नुसतं 'डबा' म्हणे. डबा उचलणं, गाडी चालवणं आणि चुकीचे अंदाज बांधणं ही भाच्याची कामं. विमा कंपनीतली नोकरी सोडून तो यासाठी आला होता आणि आपण मुळीच मंद नाही असं त्याचं ठाम मत होतं.

पाहुण्याने पाणी एका दमात संपवलं. "माझा गोठा आहे. शहराबाहेर," तो म्हणाला. "माझ्या गायींना माझी बायको दिसते."

भाच्याने शिंक मध्येच आवरली.

"बायको कुठे असते आपली?" आत्याने विचारलं.

"वारली. गेल्या वर्षी." त्याने ग्लास खाली ठेवला. "मला दिसत नाही हो. गायींना दिसते. दिवसभर ठीक असतात. संध्याकाळी गोठ्यात घ्यायला गेलं की दारातच थबकतात. डोळे फाडून समोर बघतात, पाय रोवतात. ढकललं तर खांबावर जाऊन आदळतात. एक वासरू मेलेलं जन्मलं, दुसरं आंधळं. गडी पळून गेले. म्हणतात, मालकीणबाई दारात उभी असते."

"कशाने गेल्या?"

"दमा. खाद्याच्या कोठीत पेंड-भुसा कालवत होती. धुळीचा लोट उठला." तो थांबला. "मी अंगणातच होतो. तिचं श्वासाचं औषध शोधेपर्यंत... माझ्या हातात गेली."

आत्याने त्याला घाई केली नाही.

"गायींचं मी सोसलं असतं," तो म्हणाला. "पण आता माझी मुलगी, चिऊ. नऊ वर्षांची आहे. तीही संध्याकाळी चाचपडत चालते. सारखी धडपडते. म्हणते, आई दारात उभी आहे. आत्याबाई, माझा भुतावर विश्वास नाही. कुणीतरी गायींना काहीबाही घालतंय आणि पोरीच्या डोक्यात नको ते भरवतंय."

"कुणावर संशय?"

"मेहुणीवर. बायको गेल्यावर घर सांभाळायला आली. आता म्हणते, हे घर झपाटलेलं आहे, चिऊला माझ्याकडे नेते. रविवारी न्यायला गाडीही बोलावलीय." त्याने ग्लास दूर सरकवला. "कोण ते फक्त शोधून द्या. जो कोणी असेल, त्याला मी चिऊच्या आसपास फिरकू देणार नाही."

"खाद्य तपासलंत?"

"दर महिन्याला. खाद्याच्या कंपनीचा माणूस तुमच्यासारखाच डबा घेऊन येतो. उत्तम निघतं."

"आणि गाय?"

"गाय काय?"

"गाय तपासली का?"

गोठ्याचा मालक गोंधळून भाच्याकडे बघू लागला. भाचाही गोंधळलेलाच होता, म्हणून त्याने गंभीरपणे मान हलवली.

ते पोहोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. मोकळं अंगण, त्यापलीकडे गोठा, गोठ्याला चिकटून दगडी कोठी आणि अलीकडे बसकं घर. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. हिरवं पान औषधालाही दिसत नव्हतं.

म्हातारा गोठेकरी गायी हाकत होता. अंगण ओलांडेपर्यंत त्या शहाण्यासारख्या चालत आल्या. गोठ्याच्या दाराशी पहिली थांबली आणि तिच्यामागे सगळ्या थांबल्या. एकही हंबरली नाही. नुसत्या उभ्या राहून त्या काळ्या उंबरठ्याकडे टक लावून बघत होत्या. भाच्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

आत्या पुढे गेली आणि पहिल्या गाईच्या डोळ्यांसमोर तिने हात हलवला. गाईची पापणीही लवली नाही.

तेवढ्यात भाच्याला कोठीच्या दारात कुणीतरी दिसलं. पांढऱ्या कपड्यांतली एक बाई, दाराला कपाळ टेकवून. त्याने आत्याचा दंड धरला. तोंडातून शब्द फुटेपर्यंत ती आकृती भिंतीआड गेली होती.

"आत्या, तिथे... ती..."

"बघितलं मी. दंड सोड, हाड मोडशील."

घराच्या पायरीवरून चिऊ उतरली. एक हात भिंतीवर ठेवून, पायाने जमीन चाचपत ती चालत होती. गोठ्याच्या दाराकडे तोंड करून ती उभी राहिली आणि हसली. त्या हसण्याने भाच्याचं उरलंसुरलं धैर्यही गळालं.

आत्याने वेळ दवडला नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने डबा उघडला. आधी त्या संध्याकाळचं दूध घेतलं, मग गाईच्या कानाच्या शिरेतून काढलेला रक्ताचा थेंब, मग दुसऱ्या गाईचा. दर वेळी आकडा उमटला की तिचे ओठ अधिक घट्ट मिटत.

"मालक, तुमच्या गायींना काही दिसत नाहीये," ती म्हणाली. "भूतही नाही आणि दारही नाही. रातांधळ्या झाल्यात. अ जीवनसत्त्व रक्तात नावाला उरलंय. गाभण गाईला ते मिळालं नाही तर वासरू आंधळं निपजतं."

"पण खाद्यात ते भरपूर असतं! कंपनी मुद्दाम घालते."

"बघू. कोठी दाखवा."

कोठीची किल्ली मालकाच्या गळ्यातल्या दोऱ्यात होती. कुलूप त्याने स्वतः काढलं, दिवा लावला. आत छतापर्यंत पोती रचलेली, कोपऱ्यात कालवण्याचा लाकडी हौद, त्याच्याशेजारी झारी आणि दोन पत्र्याचे डबे. भाचा उंबऱ्यावरून आत पाय टाकतो न टाकतो तोच त्याचा पाय सटकला आणि तो हौदाच्या काठाला लटकला. काल आलेल्या, अजून शिवण न उसवलेल्या पोत्यातली चिमूट आत्याने घेतली. हौदात कालवून ठेवलेल्या खाद्यातली घेतली. वाटेत गोठ्यातल्या गव्हाणीतलीही घेतली. तोवर भाचा भुशात हात घालून उगाचच पुरावे शोधत होता. बाहेर आल्यावर हात पुसायला त्याने घडीतला रुमाल उघडला, तर रुमालावर ओलसर, चकचकीत डाग पडले.

डब्याने तिन्हींचा निकाल सारखाच दिला. खाद्यात अ जीवनसत्त्व भरपूर होतं. पोत्यात होतं, हौदात होतं, गाईच्या तोंडासमोर गव्हाणीतही होतं.

"म्हणजे गाय खाते तिथपर्यंत सगळं शाबूत," भाचा म्हणाला, "आणि गाईत काहीच नाही. आत्या, मग ते जातं कुठे?"

"हा तुझा आजवरचा पहिला योग्य प्रश्न," आत्या म्हणाली आणि झोपायला गेली.

भाच्याला झोप कुठली! गोठ्यातून मध्येच खांबावर काहीतरी धडकल्याचा आवाज येई आणि तो पांघरूण डोक्यावर ओढी.

सकाळी आत्याने एकेकाला गाठलं. पहिला मालकाचा धाकटा भाऊ. खाद्य तोच खरेदी करी. अंगणात टेम्पोला टेकून तो बोलला, आणि बोलताना सारखी मान खाजवत राहिला.

"हा गोठा विकावा असं मला वाटतं, आणि ते मी दादाच्या तोंडावर सांगितलंय," तो म्हणाला. "वहिनी गेल्यापासून दादा इथे नुसता झिजतोय. पण म्हणून मी मुक्या जनावरांच्या वाईटावर उठेन? व्यापारी बदलला, हे खरं. माल मात्र तोच आहे."

"पोती उतरवून कोठीत कोण नेतं?"

"दाराशी मी ठेवतो. आत दादा. वहिनी गेली त्या दिवसापासून कोठीत दुसऱ्या कुणाला पाऊल टाकू देत नाही. कालवतोही स्वतःच, पहाटे. फाटकं पोतं निघालं तर ते गोठेकऱ्याच्या शेळीला."

भाच्याने आत्याच्या कानात सांगितलं, "हाच. जमिनीवर डोळा आहे."

"बरं," आत्या म्हणाली.

गोठेकरी आपल्या खोलीसमोर शेळीची धार काढत होता. आत्याने हात जोडल्यावर तो हळूहळू मोकळा झाला.

"मी बघितलंय मालकीणबाईंना. दिवेलागणीला कोठीच्या दारात उभ्या असतात. मी मान खाली घालतो नि जातो. त्यांनी कधी कुणाचं वाईट केलं नाही, मग त्यांना मी का भ्यावं? पण भीती वाटते हो."

"गायी खातात नीट?"

"खातात. तक्रार एक नाही. आधी मेल्यांची पोटं गच्च व्हायची, आता एकदम साफ. शेण सुद्धा कसं तुकतुकीत पडतं."

"आणि ही शेळी? ही दारात थबकते का संध्याकाळी?"

"ही?" म्हातारा हसला. "अंधार पडला की हिला जास्तच चेव येतो. काल कुंपणावरून उडी मारून गेली. द्वाड आहे."

"खाते काय?"

"तेच, गायींचं खाद्य. धाकटे मालक फाटकं पोतं देतात. तेवढंच. हिरवं मिळतंय कुठे?"

आत्याने शेळीच्या कानातून थेंब घेतला. शेळीने भाच्याला लाथ घातली. डब्यावर आकडा उमटला आणि आत्या पहिल्यांदाच हसली. शेळीचं रक्त ठणठणीत होतं.

"मी गोठेकऱ्यालाच धरतो," भाचा गुडघा चोळत म्हणाला. "स्वतःच्या शेळीला चांगलं, मालकाच्या गायींना वाईट."

"शेळीला मिळतं ते पोत्यातलं आणि गायींच्या गव्हाणीतलं, दोन्ही आपण मोजलंय ना? एकच आहे."

"मग?"

"मग आता तुला एक काम. गोठ्यात जा आणि ताजं शेण आण."

"शेण?"

"हो. आत गेलेलं आत सापडत नसेल, तर बाहेर शोधायला नको?"

पुढचा अर्धा तास भाच्याने विमा कंपनीची आठवण काढण्यात घालवला. शेण गाळून, त्यावर काय काय संस्कार करून आत्याने कुपी भरली. निकाल बघून तिने डबा मिटला आणि कुणालाच काही सांगितलं नाही.

मेहुणी स्वयंपाकघरात भांडी घासत होती. पांढरी साडी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"काल कोठीच्या दारात तुम्ही होतात," आत्या म्हणाली.

भांडं हातातून निसटलं. "ताई गेली तिथे रोज जाऊन उभी राहते मी. घरात रडलं तर चिऊ बघते." तिने पदराने तोंड पुसलं. "भाऊजींना वाटतं, मी पोरीला भरवते. मी कशाला भरवू? ती आपणहून सांगते, आई दिसते म्हणून. ताई करायची तसाच स्वयंपाक मी करते, पण ती ताटाला शिवत नाही. ताई गेल्यापासून फक्त दूध-पाव. हे घर तिला गिळतंय, आत्याबाई. मला तिला इथून बाहेर काढायचंय."

"तिला औषधपाणी काही?"

"मी काही देत नाही. तिचं झोपवणं-उठवणं सगळं भाऊजींकडेच असतं. मला जवळ येऊ देत नाहीत."

भाचा बाहेर येऊन म्हणाला, "भूत तर हीच निघाली. मग आता प्रश्नच मिटला."

"भूत मिटलं. प्रश्न नाही."

चिऊ पायरीवर बसून पाव दुधात बुडवत होती. नडग्यांवर जुने-नवे वळ. आत्या तिच्याशेजारी बसली. सुईची भीती वाटते का, विचारलं. चिऊने बोट पुढे केलं. थेंब कुपीत गेला. डब्याचा आकडा भाच्यालाही आता वाचता येत होता. गायींच्या आणि हिच्या आकड्यात फारसा फरक नव्हता.

"आई कधी येते?" आत्याने विचारलं.

"दिवे लावायच्या वेळेला. गोठ्याच्या दारात असते. दिवसा नसते."

"बोलते?"

"नाही. नुसती असते."

"नुसतं दूध-पाव खाऊन पोट नाही दुखत तुझं?"

"आधी दुखायचं. आता बाबा झोपताना चमचाभर औषध देतात. रोज. त्याला चवच नाही. वासच नाही. पाण्यासारखं दिसतं, पण पाणी नाही."

आत्याने तिच्या केसांवरून हात फिरवला. "आज त्या चमच्याला सुट्टी हं." मग उठून तिने शहरातल्या डॉक्टरांना फोन लावला, बराच वेळ हळू आवाजात बोलली आणि धाकट्या भावाला टेम्पो घेऊन त्यांच्याकडे पिटाळलं.

दुपारी भाऊ परतल्यावर सगळे स्वयंपाकघरात जमले. चिऊला मुद्दाम बाहेर शेळीशी खेळायला पाठवलं होतं. मालक टेबलाच्या टोकाला, मेहुणीकडे पाठ करून बसला. टेबलावर आत्याने दोन वाट्या ठेवल्या होत्या.

"कुणीही खाद्यात विष घातलेलं नाही," आत्याने सुरुवात केली. "कुणी जीवनसत्त्व चोरलेलंही नाही. भूतही नाही. दारात दिसणारी बाई या तुमच्या मेहुणी. बहिणीसाठी रडायला जातात. त्याला गुन्हा म्हणायचं असेल तर म्हणा."

मालकाने मेहुणीकडे मान वळवली, पहिल्यांदाच.

"मग कोण?" त्याने विचारलं.

"आधी काय, ते बघू. खाद्य गाईच्या तोंडापर्यंत चांगलं आहे. गाईच्या रक्तात काही नाही. मग मी शेण तपासलं. सगळं जीवनसत्त्व तिथे होतं. गाय ते खातेय, पण तिच्या अंगी लागत नाहीये. जसंच्या तसं बाहेर पडतंय. आणि शेळी तेच पोतं खाऊन कुंपणावरून उड्या मारतेय. मग गाईच्या खाद्यात असं काय आहे, जे शेळीच्या खाद्यात नाही? कमी काय, हे सगळे शोधत होते. जास्त काय, ते कुणी बघितलं नाही. डबा तरी काय करणार? त्याला जे विचारावं तेवढंच तो सांगतो."

तिने पहिली वाटी भाच्यासमोर सरकवली. "ही शेळीच्या पोत्यातली. फुंकर मार."

भाच्याने फुंकर मारली. पिवळट धुळीचा ढग उठला आणि भाचा शिंकू लागला. शिंक, शिंक, पुन्हा शिंक. डोळ्यांतून पाणी आलं.

"आता ही. कोठीतल्या हौदातली."

त्याने भीत भीत फुंकर मारली. काहीच उडालं नाही. त्याने पुन्हा जोरात मारली. भुसा जागच्या जागी बसून राहिला. शिंक आली नाही.

"काल हा माणूस कोठीत भुशात कोपरापर्यंत हात घालून उभा होता," आत्या म्हणाली. "जो झाडू बघून शिंकतो, तो तिथे एकदाही शिंकला नाही. रुमाल घडीतच राहिला. हात पुसायला उघडला, तेव्हा त्यावर तेलाचे डाग पडले. उंबऱ्यावर सटकला, ते वेगळंच. कोठीत धूळ नाही, कारण खाद्यावर कुणीतरी रोज झारीने तेल शिंपडतं. पाण्यासारखं दिसणारं, बिनवासाचं, बिनचवीचं. औषधांच्या दुकानात पोट साफ व्हायला देतात ते. पॅराफिनचं तेल. गायींची पोटं साफ, शेण तुकतुकीत, ते त्यामुळेच."

धाकट्या भावाने वाटीतला भुसा बोटांत चोळून वास घेतला.

"अ जीवनसत्त्व पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. खायचं तेल असलं तर ते पचतं आणि त्याच्याबरोबर जीवनसत्त्वही आत मुरतं. हे तेल जमिनीतून निघालेलं. ते पचत नाही. तोंडातून जातं आणि मागून निघून जातं, आणि जाताना वाटेत भेटलेलं जीवनसत्त्व आपल्या गाडीत बसवून घेऊन जातं. चार दिवस घेतलं तर काही बिघडत नाही. महिनोन्‌महिने, दुष्काळी वर्षात, हिरवं पान पोटात नसताना घेतलं, तर अंगातला साठा संपतो. आणि डोळे आधी जातात."

"कोण?" धाकटा भाऊ म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याचा चेहरा बदलला. कोठीची किल्ली कुणाच्या गळ्यात आहे, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मालक आपल्या हातांकडे बघत होता.

"धान्याच्या गोदामात एकाने सांगितलं होतं," तो अगदी हळू म्हणाला. "हे तेल मारलं की धूळ उठत नाही. लहान मुलांना देतात, निर्धोक आहे, म्हणाला. मला वाटलं... पुन्हा त्या कोठीत कुणी... मी रोज पहाटे सगळ्यांच्या आधी उठून... धूळ बसवत होतो हो. मी खाद्यात काही घालत नव्हतो. मी फक्त धूळ बसवत होतो."

"म्हणून मला सांगितलं नाहीत. तुमच्या हिशेबी ते खाद्य नव्हतंच."

"आणि चिऊ? तिचं पोट दुखायचं. त्याच डब्यातलं तेल मी तिला..." त्याचा आवाज फुटला. "मी म्हटलं होतं ना तुम्हाला. जो कोणी असेल, त्याला चिऊच्या आसपास..."

मेहुणी उठली. तिने ग्लासात पाणी भरलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. तो घेईना, तेव्हा ग्लास त्याच्या हातात दिला आणि हात तसाच धरून ठेवला.

"भाऊजी, पुरे," ती म्हणाली. "ताईला धुळीने नेलं. तुम्ही धुळीशी भांडत होतात. मी तुमच्याशी भांडत बसले."

भाच्याने रुमाल काढून नाक पुसलं आणि या वेळी कारण धूळ नव्हतं.

"तिचे डोळे?" मालकाने विचारलं.

"वेळेत सापडलंय," आत्या म्हणाली. "आणखी उशीर झाला असता, तर बुबुळं गेली असती. मग काही करता आलं नसतं. डॉक्टरांनी गोळी पाठवलीय, आज संध्याकाळी ते स्वतः येऊन तिला बघतील. गायींनाही इंजेक्शनं देता येतील. जी वासरं गेली, ती गेली."

उन्हं कलली तेव्हा आत्या गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन पायरीवर गेली. भाचा डबा गाडीत ठेवून मागे येऊन उभा राहिला. मालक दारापाशी होता, पुढे यायला धजत नव्हता.

"ही कशाची?" चिऊने विचारलं.

"डोळ्यांची. अंधारातही दिसायला लागेल."

चिऊने गोळी बोटांत फिरवली. "सगळं?"

"सगळं."

"मग आई?"

भाच्याने आत्याकडे बघितलं. मालकानेही. त्या दोन दिवसांत तिला इतका अवघड प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"मग आई दिसायची नाही," आत्या म्हणाली. "अंधारात डोळ्यांना काही दिसत नाही ना, म्हणून तुला ती दिसते."

"मग नको." चिऊने गोळी आत्याच्या तळहातावर परत ठेवली.

मालक पुढे आला आणि खालच्या पायरीवर बसला. आत्याने त्याच्याकडे बघितलं आणि मग पोरीकडे.

"ही गोळी आज घेतली तरी आज फरक पडत नाही, बाळ. एक-दोन दिवस जातात. आजची संध्याकाळ आहे तशीच राहील."

"नक्की?"

"मी खोटं बोलत नाही. हवं तर याला विचार."

"कधीच नाही," भाचा म्हणाला. "कितीही गैरसोय झाली तरी."

चिऊने बराच वेळ विचार केला. मग गोळी उचलून तोंडात टाकली आणि पेला रिकामा केला.

आत्या आणि भाचा गाडीत जाऊन बसले. भाच्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही. उजेड उतरत चालला होता. गायी गोठ्याच्या दाराशी येऊन थांबल्या होत्या. पायरीवर बाप-लेक शेजारी शेजारी बसले होते आणि त्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"कुठे आहे ग?"

"त्या तिथे. दाराच्या या बाजूला."

"मला नाही दिसत."

"तुमचे डोळे चांगले आहेत ना, बाबा."

मालक तिच्या आणखी जवळ सरकला.

"मग तू सांग," मालक म्हणाला. "मी ऐकतो."

"केस वर बांधलेत तिने," चिऊ सांगू लागली. "बाह्या दुमडल्यात. इकडेच बघतेय. आणि बाबा, ती खोकत नाहीये."